डहीच्या विद्यार्थ्याने कोणता संगणक घ्यावा?

बारावीचा निकाल लागून काही महिने लोटले, म्हणजे मध्य प्रदेश सरकार माध्यमिक शिक्षा मंडळाच्या परीक्षेत ७५ टक्के वा त्याहून अधिक गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या खात्यावर लॅपटॉपसाठी २५,००० रुपये जमा करते. आणि धार जिल्ह्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, नर्मदेच्या खोऱ्याकडे उतरत गेलेल्या भिल्ल-भिलालांच्या मुलुखात, डहीसारख्या तहसिलीच्या गावी, ज्या घरात तोवर संगणक या वस्तूचा प्रवेशच झालेला नसतो, त्या घरापुढे त्या दिवशी असा एक प्रश्न उभा राहतो, की ज्याचे उत्तर देण्यास वडीलधारी मंडळी असमर्थ, शिक्षक संकोचलेले आणि दुकानदार मात्र अतिशय तत्पर असतात. कोणत्या कंपनीचा लॅपटॉप घ्यावा, आणि त्यात कोणती ऑपरेटिंग सिस्टिम असावी?

ज्या मराठी कुटुंबांचे बस्तान पवारांच्या दरबाराबरोबर धारला बसले आणि दरबार गेल्यावरही उठले नाही, त्यांपैकी एका कुटुंबातला मी असल्यामुळे, आणि शिकवण्याच्या निमित्ताने कुक्षी-डहीकडे माझे जाणे-येणे राहिल्यामुळे, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर एका वाक्यात देणे मला प्रशस्त वाटत नाही, कारण ही रक्कम त्या घराच्या दृष्टीने पुन्हा येणारी नसते. महाराष्ट्रातील वाचकाला हा दूरच्या मुलुखातला विषय वाटण्याचा संभव आहे. परंतु नर्मदेपलीकडे सातपुड्याच्या अंगाखांद्यावर वसलेल्या धडगाव-अक्कलकुव्याची स्थिती याहून फारशी निराळी नाही.

शहरांत या विषयावर जो वाद चालतो, तो चाळीस वर्षे जुना असून त्याला पक्षाभिनिवेशाचे रूप कधीच आले आहे. मॅकिंटॉशचा कैवार घेणारा विंडोजला ओबडधोबड समजतो, विंडोजवाला मॅकला श्रीमंतांचा षौक ठरवतो, आणि लिनक्सचा पुरस्कर्ता या दोघांनाही परावलंबी म्हणतो. तिघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण वेग, देखणेपणा, खेळांची सोय, पडद्याची चकाकी या ज्या कसोट्या ते लावतात, त्या दर तीन-चार वर्षांनी नवे यंत्र घेऊ शकणाऱ्या माणसाच्या कसोट्या आहेत. डहीच्या मुलीने विचारायचे ते निराळेच: घेतलेले यंत्र किती वर्षे कामास येईल, बिघडल्यास कोणाच्या हातून आणि किती अंतरावर दुरुस्त होईल, आणि त्यावर आपण जे लिहू ते दहा वर्षांनी दुसऱ्या कोणत्याही यंत्रावर जसेच्या तसे वाचता येईल की नाही. हे प्रश्न विचारू लागले, की कंपन्यांच्या नावांचे महत्त्व बरेचसे गळून पडते आणि प्रणालींचा क्रमही बदलतो, असे माझे मत आहे.

आधी कंपन्यांविषयी. परकी चलन नियमन कायद्यानुसार भारतातील आपली मालकी कमी करण्याची अट मान्य न करता आयबीएम १९७८ मध्ये येथून निघून गेली, आणि एचसीएल, विप्रो, डीसीएम, मुंबईची झेनिथ अशा देशी कंपन्यांना वाव मिळाला. त्यानंतर तीन वर्षांनी, ऑगस्ट १९८१ मध्ये, त्याच आयबीएमने अमेरिकेत आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. तो बाहेरून विकत घेतलेल्या सुट्या भागांचा होता, आणि त्यातील डॉस ही प्रणाली मायक्रोसॉफ्ट नावाच्या, तेव्हा लहानच असलेल्या कंपनीकडून परवान्यावर घेतलेली होती. तीच प्रणाली इतरांनाही विकण्याचा हक्क मायक्रोसॉफ्टने स्वतःकडे राखून ठेवला होता. त्यामुळे १९८२च्या अखेरीस कॉम्पॅकने आयबीएमशी जुळणारे यंत्र स्वतंत्रपणे घडवून दाखवताच, यंत्रावर कोणाची मुद्रा आहे या गोष्टीला पूर्वीइतका अर्थ उरला नाही. भारतात १९८४च्या संगणक धोरणाने आयातीचे निर्बंध सैल केल्यावर आपल्या कंपन्यांनीही हीच यंत्रे जुळवली. पुढचा इतिहास नावे पुसली जाण्याचा आहे. कॉम्पॅक २००२ मध्ये एचपीत विलीन झाली, आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटरचा व्यवसाय २००५ मध्ये चीनच्या लेनोव्होला विकला, विप्रोने २०१३ मध्ये संगणक बनवणे थांबवले, आणि ज्या एचसीएल व झेनिथच्या जाहिराती आमच्या पिढीने रोजच्या वर्तमानपत्रात पाहिल्या, त्यांची यंत्रे आज दुकानात मिळत नाहीत.

आज एचपी, डेल, लेनोव्हो, एसर आणि आसुस यांपैकी कोणाचाही लॅपटॉप उघडला, तर प्रोसेसर बहुधा इंटेलचा किंवा एएमडीचा, मेमरी सॅमसंग, मायक्रॉन किंवा एसके हायनिक्सची, आणि जुळणी बहुधा तैवानच्या एखाद्या मोठ्या कंत्राटदाराच्या कारखान्यातली, असे आढळते. म्हणून माझे सांगणे असे, की दोन कंपन्यांमध्ये जेवढा फरक आहे, त्याहून मोठा फरक एकाच कंपनीच्या दोन मालिकांमध्ये आहे. घरगुती गिऱ्हाइकासाठी केलेली स्वस्त मालिका एक, आणि कचेऱ्यांना शेकड्यांनी पुरवण्यासाठी केलेली दुसरी, म्हणजे लेनोव्होचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक. या दुसऱ्या मालिकेतील यंत्रांची दुरुस्तीची पुस्तिका कंपनी स्वतः सर्वांसाठी खुली ठेवते, त्यांचे सुटे भाग अनेक वर्षे बाजारात फिरत राहतात, आणि मोठ्या कंपन्यांनी तीन-चार वर्षे वापरून काढून टाकलेली ही यंत्रे इंदूरच्या सिल्व्हर मॉलसारख्या बाजारात साफसूफ करून सरकारी रकमेच्या आत मिळतात.

हा फरक कुक्षीच्या एका दुरुस्तीच्या दुकानात, भर वैशाखात, मी शेजारी बसून पाहिला. टेबलावर एकाच कंपनीचे दोन लॅपटॉप होते. एक दोन वर्षांपूर्वी नवा घेतलेला, स्वस्त मालिकेतला, सेलेरॉन प्रोसेसरचा, ज्यात चार जीबी मेमरी आणि चौसष्ट जीबीची ईएमएमसी ही दोन्ही मुख्य बोर्डावरच सोल्डर केलेली होती. दुसरा एका पंचायतीच्या सचिवाने जुना घेतलेला, कचेरीच्या मालिकेतला, वयाने पहिल्याच्या तिप्पट-चौपट. कारागिराने दुसऱ्याचे मागचे स्क्रू काढले, पंख्यात साचलेली धूळ आणि कापसाची तुसे ब्रशाने झाडली, प्रोसेसरवरची वाळून पापुद्रा झालेली थर्मल पेस्ट खरवडून नवी लावली, रिकाम्या खोबणीत रॅमची एक पट्टी बसवली, जुनी हार्ड डिस्क काढून तिथे एसएसडी लावली, आणि चहा येईपर्यंत यंत्र पुन्हा सुरू करून दाखवले. पहिल्याच्या बाबतीत मात्र तो माणूस हतबल झाला. चौसष्ट जीबीतील बहुतेक जागा विंडोज आणि तिच्या अपडेट्सनी व्यापली होती, यंत्र पदोपदी हँग होत होते, मेमरी वाढवण्यास जागा नव्हती, आणि चार्जिंगचा भाग बोर्डासकट जळाल्यामुळे बोर्डच बदलणे भाग होते. इंदूरहून बोर्ड मागवण्याचा खर्च यंत्राच्या निम्म्या किमतीहून अधिक. पहिल्या यंत्राचा मालक विद्यार्थी होता आणि ते यंत्र सरकारी रकमेतून आलेले होते. त्याने काहीही वावगे केले नव्हते. नवी, हलकी, पातळ आणि वर्षाची गॅरंटी असलेली वस्तू त्याने घेतली होती, आणि त्या किमतीत दुकानदाराने त्याला तीच दाखवली होती.

धार जिल्ह्याला या बाबतीत एक पूर्वेतिहास आहे, आणि तो आज तेथेही थोड्यांनाच आठवतो. १ जानेवारी २००० रोजी या जिल्ह्यात ज्ञानदूत नावाची योजना सुरू झाली. गावोगावच्या सूचनालयांत संगणक बसवून ते टेलिफोनच्या तारेने जिल्हा पंचायतीतील मुख्य संगणकाशी जोडले गेले, आणि सूचक म्हणवणारा गावातलाच शिकलेला तरुण शेतकऱ्याला सोयाबीनचा वा गव्हाचा निरनिराळ्या मंड्यांतील भाव अवघ्या पाच रुपयांत काढून देऊ लागला, खसऱ्याची नक्कल देऊ लागला, जातीच्या दाखल्याचा अर्ज आणि हातपंप बंद पडल्याची तक्रारही त्याच मार्गाने तहसिलीत पोहोचवू लागला. पडद्यावर सारे हिंदीत होते. ज्या वर्षी मुंबई-पुण्यातही घरोघरी इंटरनेट नव्हते, त्या वर्षी आदिवासी बहुसंख्येच्या एका जिल्ह्याने हे करून दाखवले आणि स्टॉकहोम चॅलेंज हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळवला, याचा अभिमान धारच्या माणसाने अवश्य बाळगावा. परंतु त्या योजनेचे बळ जेथे खुंटले, तेथे यंत्राच्या मुद्रेचा किंवा प्रणालीच्या नावाचा काही संबंध नव्हता. वीज तासन्‌तास जाई आणि टेलिफोनची तार तुटलेली राही. आज तारेची जागा मोबाईलच्या मनोऱ्याने घेतली आहे आणि वीजही पुष्कळ सुधारली आहे, तरी उन्हाळ्यात आणि पहिल्या पावसात ती केव्हा जाईल याचा भरवसा डहीत अजून नाही. म्हणून टेबलावरच्या संगणकापेक्षा लॅपटॉप घ्यावा, आणि त्याची बॅटरी सहज बदलता येते की नाही हे इतर सर्व गुणांआधी पाहावे.

प्रणालींकडे वळताना मी प्रथम ॲपलला न्याय देऊ इच्छितो. २०२० च्या नोव्हेंबरात आलेल्या एम-१ या तिच्या स्वतःच्या प्रोसेसरने बॅटरीच्या आयुष्याची कल्पनाच बदलून टाकली. मॅकबुक एअरला पंखाच नाही, त्यामुळे डहीकडच्या या निमाड मुलुखातील धुळीला आत ओढून घेणारे काही नाही, आणि वीज गेल्यावरही दिवसभर काम चालते. गुणांपुरते बोलायचे तर डहीला सर्वांत मानवेल असे यंत्र हेच आहे. परंतु त्याची किंमत सरकारी रकमेच्या दुपटीहून अधिक; मेमरी आणि साठवण जन्मतः जेवढी तेवढीच; आणि ॲपलने आपल्या यंत्रांचा गाभा १९९४, २००६ आणि २०२० असा तीनदा बदलला, त्या प्रत्येक वेळी काही वर्षांतच जुन्या यंत्रांना मागे सोडले. २०१९ च्या कॅटलिना आवृत्तीने ३२-बिट कार्यक्रमांना रजा दिली, आणि २०२५ मध्ये कंपनीने जाहीर केले की इंटेलच्या प्रोसेसरवर चालणाऱ्या मॅकसाठी टाहो ही शेवटची आवृत्ती.

विंडोजचा गुण याच्या अगदी उलट आहे, आणि तो मोठा आहे. वीस वर्षांपूर्वीचा हिशोबाचा कार्यक्रम, टायपिंग क्लासातला जुना फॉन्ट, खेड्यातल्या दुकानातला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर या सर्वांना तिने सांभाळून घेतले. तहसिलीच्या गावातील कारागिराला तिची नाडी कळते. पण हीच प्रणाली आता यंत्रांच्या बाबतीत कठोर झाली आहे. जुलै २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. आणि तिच्या जागी येणारी विंडोज ११ टीपीएम २.० नावाची सुरक्षा-व्यवस्था व इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर मागते, त्यामुळे २०१६-१७ मध्ये घेतलेले, एकही भाग न बिघडलेले यंत्रही तिच्या दारातून परत येते. घरगुती वापरकर्त्याला सुरक्षेच्या दुरुस्त्यांसाठी आणखी एका वर्षाची मुदतवाढ मिळाली, तीही नोंदणी करणाऱ्यालाच. पंचायती, शाळा आणि जुन्या यंत्रांवर शिकणारी मुले यांच्यावर याचा जो भार पडतो, तो कोणत्याही कंपनीच्या ताळेबंदात दिसत नाही.

१९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने जिचा गाभा लिहिण्यास आरंभ केला, आणि त्याआधीपासून रिचर्ड स्टॉलमन यांच्या ग्नू चळवळीने जिची अवजारे घडवली होती, ती लिनक्स ही प्रणाली याच जागी उपयोगी पडते. तिच्या उबुंटू या रूपाची दीर्घ मुदतीची आवृत्ती पाच वर्षे मोफत दुरुस्त्या पुरवते, तिच्यानंतर पुढची आवृत्ती तशीच मोफत घेता येते, आणि दहा वर्षांच्या यंत्रालाही ती सहसा नाकारत नाही. मिंटसारखी आवृत्ती विंडोजला सरावलेल्याला अर्ध्या दिवसात अंगवळणी पडते. लिनक्स आपल्या छोट्या गावांत का रुजली नाही, याचे कारण मात्र तिच्या अवघडपणात नाही. आमच्याकडे यंत्र घेतले की दुकानदार विंडोजची विनापरवाना प्रत 'टाकून देतो', फॉरमॅट मारला की पुन्हा टाकतो. गिऱ्हाइकाच्या लेखी दोन्ही फुकटच असल्यामुळे किमतीची तुलना करण्याची वेळच कधी आली नाही. परवान्याविना चालवलेल्या या प्रतींना सुरक्षेच्या दुरुस्त्यांची खात्री नसते, आणि पेन ड्राइव्हमधून गावभर फिरणारे व्हायरस त्यांच्यातच मुक्काम करतात. शिकणाऱ्या मुलीला पहिल्या दिवशी चोरीची प्रत देणे मला मनापासून अयोग्य वाटते, मग ती कितीही सर्वसंमत असो.

पण मला सर्वांत जिव्हाळ्याचा आहे तो लिपीचा प्रश्न, आणि तो समजावून सांगण्यासाठी देवासचा दाखला घेतो. तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंच्या वंशांत १७२८ पासून जे देवास वाटले गेले, त्यात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने एकाच गावात नांदत होती. दोन वाडे, दोन कारभार, दोन दप्तरे, आणि ही व्यवस्था १९४८ मध्ये दोन्ही संस्थाने मध्य भारतात विलीन होईपर्यंत टिकली. थोरल्या पातीच्या महाराजांकडे १९२१ साली खासगी कारभारी म्हणून राहिलेले इंग्रज कादंबरीकार इ. एम. फॉर्स्टर यांना या दुहेरी राज्याचे मोठे नवल वाटले होते. तरीही मराठेशाहीच्या शिरस्त्याप्रमाणे जुने लेखन मोडीत होत असल्यामुळे, एका पातीच्या कारकुनाने उतरवलेली नक्कल दुसऱ्या पातीच्या कारकुनाला वाचता येई. राज्ये दोन होती, लेखन एक होते.

संगणकाच्या मुलुखात १९९० नंतरची पंधरा-वीस वर्षे याच्या नेमके विपरीत घडले. कृतिदेव नावाचा जो फॉन्ट मध्य प्रदेशच्या कचेऱ्यांत सर्वत्र पसरला, त्याची रचना अशी की रोमन अक्षरांच्या जागी केवळ देवनागरीची चित्रे बसवलेली. यंत्राच्या पोटात देवनागरी नाहीच. 'भारत' हा शब्द त्यात एच, के, के, जे, आर या पाच रोमन अक्षरांनी साठवला जातो, आणि तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर फाईल उघडली की तीच पाच अक्षरे पडद्यावर उमटतात. ऱ्हस्व इकाराची वेलांटी डोळ्यांना व्यंजनाआधी दिसते म्हणून तीही आधी टंकायची, त्यामुळे शोध घेणे, अकारविल्हे लावणे, यादी जुळवणे ही संगणकाची मूळ कामेच त्या मजकुरावर होत नाहीत. महाराष्ट्रात श्रीलिपी आणि आकृतीसारख्या फॉन्टांनी हीच अडचण निर्माण केली होती, हे छापखान्याशी संबंध आलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. कंपनी एक, प्रणाली एक, खोली एक, तरी शेजारच्या टेबलावरचा कागद वाचता येऊ नये, अशी ती अवस्था.

ती टाळता आली असती, याचे मला दुःख आहे. भारत सरकारचा इनस्क्रिप्ट हा कळफलक १९८६ चा. आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लिपींसाठी केलेले जिस्टचे तंत्र पुढे १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये वाढले, आणि १९९१ मध्ये इस्की हे भारतीय मानकही जाहीर झाले. परंतु टंकलेखकांच्या बोटांना रेमिंग्टनची सवय होती, विकत मिळणारे फॉन्ट ती सवय जपत होते, आणि मानक पाळण्याचा हुकूम कोणी काढला नाही. याच सुमारास युनिकोड या जागतिक मानकाने प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतंत्र क्रमांक दिला. विंडोजने त्यातील देवनागरीला २००० सालच्या आवृत्तीत आधार दिला, आणि तिच्याबरोबर घरोघरी गेलेला मंगल हा फॉन्ट र. कृ. जोशी या आपल्या थोर सुलेखनकाराच्या हातचा आहे, ही गोष्ट मराठी माणसाने अधिक वेळा सांगावी असे मला वाटते. पण पुढच्या विंडोज एक्सपीमध्ये देवनागरी नीट दिसण्यासाठी नियंत्रण पटलात जाऊन एका चौकटीत खूण करावी लागे आणि मूळ सीडी घालावी लागे. विनापरवाना प्रतीवाल्या गावात ती सीडी कोणाजवळ असणार? कृतिदेवचे आसन त्या काळात स्थिर झाले. लिनक्सच्या बाजूने इंडलिनक्ससारख्या चळवळीतील स्वयंसेवकांनी आणि मोफत दिलेल्या लोहित फॉन्टांनी युनिकोड देवनागरीचे काम केले, तेही बहुतांशी विनामोबदला.

मराठीच्या म्हणून ज्या गरजा, त्यांनाही युनिकोडात जागा मिळण्यास वेळ लागला. 'कऱ्हाड' आणि 'तऱ्हा' यांतील अर्धा र नीट उमटावा म्हणून ऱ या अक्षराचा वेगळा क्रमांक उपयोगी पडला. 'ॲ' हे अखंड अक्षर मात्र २००८ मध्ये मिळाले, आणि तोवर अ ला वेगळी चंद्रकोर जोडून आपण काम भागवत होतो. २०१४ मध्ये तर मोडीलाही युनिकोडात स्थान मिळाले, आणि तिचा मोफत फॉन्टही आज उपलब्ध आहे. धार-देवासच्या जुन्या रुमालांतील सनदा, जमाबंदीचे ताळेबंद आणि खासगी पत्रे ज्या लिपीत आहेत, ती लिपी विंडोज, मॅक वा लिनक्स यांपैकी कोणत्याही प्रणालीवर लिहिता-वाचता यावी, हे माझ्या आजोबांच्या पिढीला स्वप्नातही सुचले नसते. ज्याने आपले लेखन युनिकोडात ठेवले, त्याला या तीन प्रणालींपैकी कोणतीही केव्हाही सोडता येते. कृतिदेवमध्ये अडकलेल्याला ते स्वातंत्र्य नाही. मध्य प्रदेशच्या नोकऱ्यांसाठीच्या सीपीसीटी परीक्षेने हिंदी टंकलेखन युनिकोडवर आणले ही चांगली गोष्ट आहे, आणि तरी लहान गावांच्या टायपिंग क्लासांत कृतिदेवची सवय अजून लावली जाते, हे मुलांचे नुकसान आहे.

लिनक्सविरुद्ध जे सांगितले जाते त्यात एक आक्षेप खरा आहे आणि तो मी टाळणार नाही. डहीच्या बाजारात ऑनलाइन सेवा केंद्र चालवणाऱ्याला आधारच्या पडताळणीसाठी अंगठ्याचे यंत्र लागते, आणि त्याची नोंदणीकृत सेवा मुख्यतः विंडोज व अँड्रॉइडसाठीच बनते. हिशोबनीसाला टॅली लागते. डिजिटल सहीच्या टोकनाचे ड्रायव्हरही पुष्कळदा विंडोजचेच नीट चालतात. अशा माणसाने विंडोजच घ्यावी, परवान्यासह घ्यावी. पण बारावी झालेल्या मुलीला लेखन, गणित, प्रोग्रॅमिंग, चित्रे, अर्ज भरणे आणि शिकवणीचे व्हिडिओ यांसाठी जे लागते, ते सारे लिनक्सवर आहे. तिच्या हातातल्या अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सचाच आहे. केरळच्या सरकारी शाळांनी या शतकाच्या पहिल्याच दशकात मोफत प्रणालीचा मार्ग धरला, शिक्षकांना तिचे प्रशिक्षण दिले, दहावीची संगणकाची प्रात्यक्षिक परीक्षाही तिच्यावर घेतली, आणि आज तेथील काइट ही संस्था मल्याळमसह स्वतःची आवृत्ती राखते. महाराष्ट्रात एमएस-सीआयटीने लाखो मुलांची संगणकाची भीती घालवली, हे तिचे ऋण मान्य करूनही म्हणावेसे वाटते, की एकाच कंपनीच्या प्रणालीची बटणे शिकवणे म्हणजे संगणक शिकवणे अशी समजूत त्या अभ्यासक्रमाच्या छायेत वाढली, आणि ती दुरुस्त करण्यास आता विलंब नको.

तेव्हा मला विचारणाऱ्या पालकांना मी असे सांगतो, की कंपनीचे नाव बाजूला ठेवा. कचेरीच्या मालिकेतले, आठव्या पिढीचे वा त्यापुढचे, जुने पण तपासून घेतलेले यंत्र घ्या. मेमरीची खोबण मोकळी आहे का, साठवण बदलता येते का आणि बॅटरी मिळते का, हे दुकानातच उघडून दाखवायला लावा. निदान आठ जीबी मेमरी आणि एसएसडी यांवर तडजोड करू नका. दुकानदाराचे पावतीसह लिहून दिलेले काही महिन्यांचे हमीपत्र घ्या. त्यात परवान्याची विंडोज आलीच असेल तर ती ठेवा आणि शेजारी लिनक्स टाकून घ्या, म्हणजे विंडोजची मुदत संपेल त्या दिवशी यंत्राची मुदत संपणार नाही. आणि मुलीला पहिल्या आठवड्यापासून इनस्क्रिप्ट शिकू द्या, कारण तो कळफलक तिन्ही प्रणालींवर आणि सर्व भारतीय लिप्यांना बहुतांशी एकच आहे.

पालकांनी करायचे ते एवढे. जिल्हा प्रशासनाकडे मात्र माझी वेगळी विनंती आहे. ऑक्टोबर २०२५ नंतर शाळा आणि पंचायतींतील कितीतरी यंत्रे निरुपयोगी ठरवून निर्लेखनाच्या यादीत चढतील. त्यांतील जी चालू आहेत त्यांवर लिनक्स टाकून ती डही, बाग, गंधवानी येथील माध्यमिक शाळांना द्यावीत. आणि लिलावात जाणाऱ्या प्रत्येक यंत्रातील कृतिदेवमधल्या फायली, म्हणजे ग्रामसभांचे ठराव, लाभार्थ्यांच्या याद्या, वनहक्काच्या दाव्यांची टिपणे, आधी युनिकोडात उतरवून घ्याव्यात. रूपांतराची साधने मोफत मिळतात. परंतु जोडाक्षरांच्या आणि रफाराच्या चुका राहतात, त्या ओळीओळीने माणसानेच तपासाव्या लागतात, आणि ते काम नुकत्याच बारावी झालेल्या, लॅपटॉप मिळालेल्या याच मुलामुलींना मोबदला देऊन सोपवता येईल.